वाद्याच्या स्मरणांतील नाद आणि त्याची जपणूक

नागपुराहून वर्ध्यास जाणाऱ्या रस्त्यावर आपलें केळझर गांव आहे. महाभारतांतील एकचक्रा नगरी ती हीच व भीमानें बकासुरास मारिलें तें येथेंच, असें येथील परंपरा सांगते. टेकडीवरील सिद्धिविनायकाची गणना विदर्भांतील आठ गणपतींमध्यें होते. अशा गांवीं भजनाला काय तोटा? शिवाय विदर्भ ही तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) खंजिरीची भूमि. येथील मुलांच्या कानांवर सूर व ताल लहानपणापासूनच पडत असतात. टाळ, मृदंग, खंजिरी आणि पेटी या जुन्या मंडळींच्या पंक्तीस अलीकडे एक नवें वाद्य येऊन बसलें आहे. तें कोणत्याही कंपनीचें असो, लोक त्याला सरसकट ‘कॅसिओ’ म्हणतात. शाळेची प्रार्थना, गणेशोत्सवांतील मेळा, लग्नांतील वाद्यवृंद, सर्वत्र त्याचा संचार आहे. या जातीच्या वाद्यांपैकीं ज्यांत वाजविणारास स्वतः नवा नाद घडवितां येतो, त्यांस सिंथेसायझर म्हणतात.

असा घडविलेला नाद वाद्याच्या स्मरणांत राहतो. परंतु तें स्मरण किती विश्वासाचें आहे? तें दगा देईल तर काय करावें? याच विषयाची थोडी ओळख आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस या लेखांत करून देणार आहों.

१. नाद म्हणजे आंकड्यांची यादी

तंबोऱ्याचा नाद भोंपळा, तार, घोडी व जवारी यांवर अवलंबून असतो. सिंथेसायझरांत लांकूड नाहीं व तारही नाहीं. नाद किती लौकर उमटावा, किती वेळ टिकावा, कसा विरावा, त्यांत तीक्ष्णपणा किती असावा, कंप किती असावा, हें सर्व तेथें आंकड्यांनीं ठरतें. या आंकड्यांच्या एका पूर्ण संचास ‘पॅच’ म्हणतात. प्रारंभींच्या यंत्रांत निरनिराळे भाग तारांच्या तुकड्यांनीं जोडून नाद तयार करीत. त्या जोडण्यावरून हें नांव पडलें.

सनईच्या जवळ जाणारा एक नाद साधण्यासाठीं एखाद्या वादकास कित्येक रात्री घालवाव्या लागतात. एक आंकडा बदलावा, ऐकावें, पुन्हा बदलावा, असा तो क्रम असतो. इतक्या श्रमाचें फळ बहुधा एका लहानशा स्मरणपट्टीवर राहतें, आणि अनेक जुन्या सिंथेसायझरांत त्या पट्टीस जिवंत ठेवणारा एक नाण्याएवढा घट असतो. तो कांहीं वर्षें टिकतो. घट संपला कीं वीज बंद होतांच सर्व नाद नाहींसे होतात. घट शाबूत असला तरी दुसरीं संकटें आहेतच. वाद्य विकलें जातें, पावसाळ्यांत त्यांत ओल शिरते, किंवा एखादा उत्साही मुलगा न कळत भलतेंच बटन दाबून जुन्या नादावर नवा लिहितो. ज्यानें नाद जुळविले त्या गृहस्थाची बदली झालेली असली, तर ते पुन्हा जुळवून देणारा गांवांत कोणी उरत नाहीं.

२. ही अडचण कसकशी दूर होत गेली

सन १९७० मध्यें निघालेल्या मिनिमूग नांवाच्या प्रसिद्ध सिंथेसायझरास स्मरण मुळींच नव्हतें. वादक कागदावर यंत्राच्या चकत्यांचें चित्र काढून त्यावर कांट्यांच्या खुणा करीत व पुढच्या वेळीं तसेंच जुळवून घेत. आपल्या देशांत याच्याही अगोदर, सन १९६९ मध्यें, अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्यानें मूग सिंथेसायझर मांडण्यांत आला होता. तेथें ध्वनिमुद्रित झालेल्या फिती अनेक दशकें पडून राहिल्या आणि सन २०२३ मध्यें त्यांतील निवडक संगीत प्रसिद्ध झालें. आज तें आपणांस ऐकतां येतें. परंतु तो नाद उत्पन्न करणारी यंत्राची जुळवणी कोणत्याही स्मरणांत नसल्यामुळें, तोच नाद घेऊन नवी चीज वाजवूं म्हटल्यास साधणार नाहीं. ध्वनिमुद्रण जपणें आणि नादाची घडण जपणें, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें येथें ध्यानांत घ्यावें.

सन १९७८ मध्यें प्रॉफेट-५ हें यंत्र आलें. त्यांत चाळीस नाद स्मरणांत ठेवण्याची सोय होती. पुढें १९८१ मध्यें रोलंड कंपनीचें ज्युपिटर-८ आलें. त्यांत चौसष्ट नाद राहत, व ते साध्या ध्वनिफितीवर उतरवून घेतां येत. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनीं सन १९८२ मध्यें दहा रागांची जी तबकडी काढिली, तींत हेंच ज्युपिटर-८ वापरलें होतें. या सर्व उपायांत एक उणीव होती. प्रत्येक कंपनीची रीत निराळी. एकीचें यंत्र दुसरीच्या यंत्राशीं बोलत नसे.

ही उणीव सन १९८३ मध्यें दूर झाली. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ व जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारानें निरनिराळ्या कंपन्यांनीं एक सामाईक भाषा मान्य केली. तिचें नांव ‘मिडी’. त्या वर्षाच्या जानेवारींत एका कंपनीचें वाद्य दुसरीच्या वाद्यास तारेनें जोडून लोकांसमोर वाजवून दाखविण्यांत आलें. या कामगिरीबद्दल सन २०१३ मध्यें त्या दोघांस तांत्रिक ग्रॅमी पारितोषिक मिळालें.

३. मिडीचे दोन प्रकारचे संदेश

मिडीच्या तारेंतून आवाज वाहत नाहीं; आंकडे वाहतात. ‘साठाव्या क्रमांकाची पट्टी अमुक जोरानें दाबली’, ‘ती सोडली’, ‘आतां एकशें बाराव्या नादावर जा’, अशा प्रकारच्या त्या आज्ञा असतात. सन १९९१ मध्यें १२८ नादांची एक सर्वसामान्य यादी ठरली. तींत १०५ वा नाद सतारीचा व ११२ वा सनईचा आहे. परंतु ‘एकशें बारावा नाद घे’ म्हणणें हें ‘पुस्तकाचें एकशें बारावें पान उघड’ म्हणण्यासारखें आहे. त्या पानावर काय लिहिलें आहे, तें या आज्ञेंत नसतें.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं शेंकडों चिजा स्वरलिपींत उतरवून ठेविल्या, म्हणून त्या आज आपणांस शिकतां येतात. पण स्वरलिपींत चीज उतरते. गायकाचा गळा उतरत नाहीं. गाण्याची साधी मिडी फाईल ही अशीच स्वरलिपि आहे. यंत्राचा ‘गळा’ उतरवून घ्यावयाचा तर दुसऱ्या प्रकारचा संदेश लागतो. त्यास आपण ‘विशेष संदेश’ म्हणूं. वादक त्यास ‘सिसेक्स’ म्हणतात.

विशेष संदेशाची रचना पाकिटांतील पत्रासारखी आहे. आरंभीं २४० हा आंकडा म्हणजे पाकीट उघडलें. त्यापुढें कंपनीचा क्रमांक : रोलंडचा ६५, यामाहाचा ६७, कॅसिओचा ६८. त्यापुढें मजकूर, आणि शेवटीं २४७ हा आंकडा म्हणजे पाकीट मिटलें. दुसऱ्या कंपनीचें वाद्य क्रमांक पाहतांच तें पत्र आपलें नव्हे असें ओळखून सोडून देतें. मजकुरांतील प्रत्येक आंकडा ० ते १२७ यांमधीलच असावा लागतो, कारण १२८ व त्यावरील आंकडे खुणांसाठीं राखून ठेविले आहेत.

४. एक उदाहरण

यामाहा कंपनीचें डी-एक्स-७ हें सन १९८३ चें वाद्य घेऊं. त्याच्या स्मरणांत ३२ नाद राहतात. ते सर्व एकदम बाहेर पाठविले असतां प्रत्येक नादास १२८ आंकडे लागतात.

३२ × १२८ = ४०९६. यांत आरंभींचे सहा आंकडे, पडताळ्याचा एक व शेवटचा एक, असे आठ मिळवावे. एकूण ४१०४ झाले. मिडीच्या मूळ तारेंतून एका सेकंदास ३१,२५० विद्युत्खुणा जातात व प्रत्येक आंकड्यास दहा खुणा लागतात. म्हणजे सेकंदास ३१२५ आंकडे. ४१०४ ला ३१२५ नें भागिलें असतां सुमारें १·३ सेकंद येतात. वादकाच्या अनेक महिन्यांची मेहनत सव्वा-दीड सेकंदांत तारेंतून पार होते!

आरंभींचे सहा आंकडे असे : २४०, ६७, ०, ९, ३२, ०. शेवटचे दोन, ३२ व ०, हे मजकुराची लांबी सांगतात. १२७ हून मोठा आंकडा लिहितां येत नसल्यामुळें येथें दहंच्या जागीं १२८ चा पाया धरितात : ३२ × १२८ + ० = ४०९६. आपल्या गणिताच्या तासांतील स्थानमूल्य तें हेंच.

प्रत्येक नादाच्या १२८ आंकड्यांपैकीं शेवटचे दहा त्याच्या नांवासाठीं असतात. नादास केळझरचें नांव रोमन लिपींत द्यावयाचें झाल्यास तेथें ७५, ६९, ७६, ९०, ६५, ८२ हे सहा आंकडे येतील, व उरलेल्या चार जागा मोकळ्या दाखविण्यासाठीं ३२ हा आंकडा चार वेळां येईल.

५. उतरवून घेण्याची कृति

संगणकावर संगीत मुद्रित करण्याच्या अनेक प्रणाली आहेत; क्यूबेस, रीपर हीं त्यांपैकीं कांहीं नांवें. त्यांपैकीं कोणत्याही चांगल्या प्रणालीनें हें काम होतें. क्रम असा ठेवावा.

पहिलें, वाद्याच्या ‘मिडी बाहेर’ या छिद्रापासून संगणकाच्या जोडयंत्राच्या ‘मिडी आंत’ या छिद्रास तार लावावी. वाद्यास यू-एस-बी ची सोय असल्यास ती एकच तार पुरे. अगदीं स्वस्त जोडतारांपैकीं कित्येक तारा सूर नीट पोंचवितात, पण लांब संदेश मध्येंच तोडतात. हें लक्षांत ठेवावें.

दुसरें, प्रणालीची गाळणी तपासावी. क्यूबेससारख्या प्रणालींत विशेष संदेश आरंभीं गाळून टाकण्याची योजना असते. ती उठविली नाहीं तर मुद्रण कोरेंच राहतें, व शिकाऊ मनुष्य विनाकारण वाद्यास दोष देतो.

तिसरें, आलेला संदेश परत वाद्याकडे धाडण्याची सोय बंद ठेवावी. नाहीं तर तोच मजकूर गोल गोल फिरूं लागतो.

चौथें, मिडीचा एक नवा पट्टा उघडून मुद्रण सुरू करावें, एक-दोन मात्रागट रिकामे जाऊं द्यावे, आणि मग वाद्यावर ‘सर्व नाद पाठव’ ही आज्ञा द्यावी. वाद्याच्या माहितीपुस्तकांत ती ‘बल्क डंप’ या नांवाखालीं सांपडते. वाद्यानें काम पुरें झाल्याचें दाखविल्यावर मुद्रण थांबवावें. या वेळीं एकही सूर वाजवूं नये.

पांचवें, घटनांची यादी उघडून संदेश खरोखर आला कीं नाहीं, त्याच्या आरंभीं २४० व शेवटीं २४७ आहे कीं नाहीं, आणि लांबी अपेक्षेप्रमाणें आहे कीं नाहीं, तें पाहावें.

सहावें, तो पट्टा मिडी फाईल म्हणून साठवावा. अशा फाईलीच्या नांवाच्या शेवटीं ‘एम-आय-डी’ हीं अक्षरें असतात. नुसता विशेष संदेश, काळाच्या नोंदीवांचून, साठविणाऱ्या दुसऱ्या जातीच्या फाईलीस ‘एस-वाय-एक्स’ हीं अक्षरें लागतात. मिडी फाईलींत संदेश केव्हां पाठवावा हेंही नोंदलेलें असतें, त्यामुळें गाण्याच्या अगोदर नाद आपोआप भरण्याची सोय त्यांत होते.

६. परत भरतांना घ्यावयाची खबरदारी

उतरवून घेतलेली प्रत परत भरून पाहिल्यावांचून तिच्यावर विसंबूं नये. त्यासाठीं प्रथम दोन वेळां मुद्रण करून दोन्ही संदेश ताडून पाहावे. मग एखादा बिनमहत्त्वाचा नाद मुद्दाम बदलून, फाईल वाद्याकडे वाजवावी. तो नाद पूर्ववत् झाला म्हणजे प्रत खरी ठरली.

परत भरतांना वाद्यांतील ‘स्मरणरक्षण’ बंद करावें लागतें. तें चालू असेल तर वाद्य मजकूर स्वीकारीत नाहीं. वाद्याचा उपकरण-क्रमांक मुद्रणाच्या वेळीं होता तोच असावा. डी-एक्स-७ मध्यें ३२ नादांचा संच भरला कीं आधींचे बत्तीसही नाद पुसले जातात, म्हणून अगोदर त्यांची प्रत घ्यावी. कित्येक वाद्यें एका मोठ्या संदेशाऐवजीं अनेक लहान संदेश पाठवितात. अशा वेळीं फाईलीची लय वाढवूं नये. लय वाढविली तर संदेश एकमेकांच्या पायांत येतात व वाद्यास लिहून घेण्यास उसंत मिळत नाहीं.

आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. या फाईलींत आवाज नसतो. आवाज घडविण्याची कृति असते. ती त्याच जातीच्या वाद्यास समजते, इतरांस नाहीं. साध्या घरगुती कीबोर्डांपैकीं पुष्कळांत नाद पाठविण्याची सोयच नसते. कांहींत त्याऐवजीं यू-एस-बी च्या लहानशा साठवणकांडीवर नोंद ठेवतां येते. म्हणून विकत घेण्यापूर्वींच माहितीपुस्तक पाहावें.

७. पेटीचा वाद आणि बारा आंकडे

या विद्येचा आपल्या संगीतास प्रत्यक्ष उपयोग काय, असें कोणी विचारील. त्यास एक उदाहरण देतों. पेटीचे सूर समान अंतरांवर बांधलेले असतात. रागांतील स्वर तसे नसतात. याच व अशाच आक्षेपांमुळें सन १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीस बंदी होती. पुढें आपल्याकडील डॉ. विद्याधर ओक यांनीं बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. सिंथेसायझरांत हेंच काम आंकड्यांनीं करितां येतें.

एका सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पितात. त्यांस ‘सेंट’ म्हणतात. पेटीचा शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटांवर असतो. पांचास चार या प्रमाणांतून येणारा गांधार सुमारें ३८६ वर, म्हणजे १४ सेंट खालीं. रोलंड कंपनीच्या जी-एस पद्धतीच्या वाद्यांत ६४ म्हणजे फरक नाहीं; त्याहून जितकें कमी तितके सेंट खालीं, जितकें अधिक तितके वर. म्हणून या गांधारासाठीं ६४ − १४ = ५० लिहावयाचे.

षड्ज पांढरी एकवर धरून, एका प्रचलित प्रमाणानुसार बाराही पट्ट्यांचे आंकडे क्रमानें असे येतात : ६४, ७६, ६८, ८०, ५०, ६२, ५४, ६६, ७८, ४८, ८२, ५२. सर्व गायक हींच मापें मानतात असें नाहीं. रागपरत्वें व घराण्यापरत्वें त्यांत फरक पडतो. ज्यास जें मान्य असेल तें त्यानें लिहावें.

वाद्याच्या पहिल्या भागासाठीं पुरा संदेश असा होईल : २४०, ६५, १६, ६६, १८, ६४, १७, ६४, मग वरील बारा आंकडे, मग पडताळा, आणि २४७. पडताळा काढण्यासाठीं ६४, १७, ६४ व ते बारा आंकडे यांची बेरीज करावी. ती ९२५ येते. तिला १२८ नें भागून बाकी २९ राहते; १२८ − २९ = ९९. हाच पडताळा. वाटेंत एखादा आंकडा बिघडला तर हिशेब जुळत नाहीं व वाद्य तो संदेश नाकारितें. दुकानदाराच्या रोजमेळाप्रमाणेंच ही व्यवस्था आहे.

भजनी मंडळाचा गायक काळी चारमध्यें गात असेल तर बारा आंकडे तेच, फक्त त्यांची सुरुवात त्या पट्टीपासून करावयाची. त्या वेळीं बेरीज बदलते काय आणि पडताळा किती येतो, हें विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावें. अशा दोन-तीन फाईली तयार असल्या, तर गायक बदलतांच वाद्याचे सूरही क्षणांत बदलतां येतात.

८. पालकांस दोन शब्द

आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हट्टावरून पुष्कळ घरांत काटकसर करून असें वाद्य घेतलें जातें. त्याची खोळ शिवितां, त्यास धुळीपासून जपतां, तशीच त्याच्या आंतील मजकुराचीही काळजी घ्यावी. फाईलीस वाद्याचें नांव व तारीख घालावी. एक प्रत घरच्या संगणकांत व दुसरी दुसऱ्या ठिकाणीं, शक्य तर शाळेंत किंवा नातेवाइकाकडे ठेवावी. एका वहींत वाद्याची जात, उपकरण-क्रमांक आणि परत भरण्याची कृति साध्या मराठींत लिहून ठेवावी. जुन्या वाद्याचा घट बदलण्यापूर्वीं प्रत अवश्य घ्यावी. घट काढतांच स्मरण जातें.

सन १९८३ मधील डी-एक्स-७ चे संदेश आजच्या संगणकावर ‘डेक्स्ड’ नांवाच्या विनामूल्य प्रणालींत उघडतात व वाजतात. ज्यांनीं ते वेळेवर उतरवून ठेविले, त्यांचे नाद चाळीस वर्षांनंतरही ऐकूं येत आहेत. येत्या गणेशोत्सवाच्या तालमी सुरू होण्यापूर्वीं ज्यांच्या घरीं किंवा मंडळांत असें वाद्य आहे, त्या विद्यार्थ्यांनीं एक दुपार या कामीं घालवावी, आणि आपल्या धाकट्या भावंडांसही तें शिकवावें, इतकेंच आमचें सांगणें आहे.